पावणेएकची झाडलोट

१

अकोल्याला बदली झाली तेव्हा मी घर शोधत होते ते बाबांच्या सोयीनं. तळमजला हवा, दाराशी सावली हवी आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ शेजार हवा.

माझे बाबा, शेषराव, अमरावतीच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. काचबिंदूनं त्यांची नजर नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कान मात्र असे की जिन्यावर कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय तेही सांगतील. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आम्ही दोघंच.

ही सोसायटी मिळाली ती ओळखीतून. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी, १९३८ साली, कापूस बाजारातले कारकून, दोन वकील आणि एक हेडमास्तर अशा सोळा जणांनी सहकारी संस्था काढून ती बांधली. चार दुमजली इमारती, प्रत्येकीत चार ब्लॉक, आणि मधोमध सगळ्यांची मिळून एक बाग. प्रत्येक ब्लॉकचं दार बागेकडेच उघडतं. दीड फूट जाडीच्या भिंती, उंच छत, पायाखाली शहाबादी फरशी. बागेत दोन जुने कडुनिंब, मोगऱ्याचे ताटवे, एक बाक आणि लोखंडी जाळी टाकलेली विहीर. हिरवळ कधीच मेली होती. उरली होती ती बारीक, भुरभुरीत माती.

"बाग सगळ्यांची आहे," सेक्रेटरी केशवराव किल्ली देताना म्हणाले. त्यांचा जन्मच तिथला. "फुलं तोडा, बाकावर बसा. झाडायची मात्र काळजी करू नका. नत्थुजी रोज सकाळी सहाला येतो."

एप्रिलचा पहिला आठवडा होता. निंबाची पानं गळत होती. मी साडेनऊला कृषी विद्यापीठात जायची. तिथल्या बीज तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते. बाबा कूलरसमोर खुर्ची टाकून बसायचे. वरच्या ब्लॉकमधल्या हलीमाबी दुपारी एकदा वरूनच हाक मारायच्या, "भाऊ, बरे हायत ना?" बाबा म्हणायचे, "बरा हाय." मी सहाला परत. पहिले दहा दिवस असे गेले.

२

अकराव्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "इथं एक बाई दुपारी बाग झाडते. इतक्या उन्हात काहून झाडते ते?"

"नत्थुजी सकाळीच झाडून जातात, बाबा."

"नत्थुजीचा खराटा मले माहीत हाय. त्याचा हात जड हाय. हे बाई वेगळी. बरोबर पावणेएकले सुरू करते. एक मिनिट इकडे नाई, एक मिनिट तिकडे नाई. अशी गाडी तं माह्या डेपोतून कधी सुटली नाई."

मी हसले. बेचाळीस अंशांत अकोल्यात कुत्रंसुद्धा मोटारीखालून बाहेर येत नाही. कूलरच्या पंख्यात पान अडकलं असेल, पाण्याचा पंप घासत असेल, असं काहीतरी म्हणाले. बाबांनी वाद घातला नाही. पोळी मोडत ते म्हणाले, "विहिरीपासून सुरू करते. रोज थोडी इकडे सरकून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नत्थुजींना विचारलं. ते म्हणाले, "दुपारी? मी काय पागल हाओ काय बाई?"

३

दुसऱ्या शनिवारी मला सुटी होती. साडेबारालाच मी कूलर बंद केला. बाबा खुर्चीत, मी खिडकीखाली वेताच्या मोड्यावर. बागेकडच्या सगळ्या खिडक्यांवर वाळ्याचे पडदे. सोळाही दारं बंद. त्या शांततेत कुठेतरी कुकरची एक शिट्टी झाली, तेवढीच.

मग आवाज आला. खर्र, खर्र, खर्रर्र. दोन आखूड, एक लांब.

भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त मला बघायचं होतं. मी पडदा बाजूला केला. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की क्षणभर काहीच दिसेना. दिसू लागलं तेव्हा बाग रिकामी होती आणि आवाज थांबला होता.

"उगीच पडदा काढला," बाबा म्हणाले. "थांबली ते."

मी छत्री घेऊन बाहेर गेले. विहिरीपासून आमच्या दाराच्या दिशेनं दोन हात रुंदीचा पट्टा स्वच्छ झाडलेला होता. दोन्ही बाजूंना निंबाच्या पानांचा थर, आणि मधे मातीवर खराट्याच्या काड्यांच्या कमानी. पट्टा बागेच्या मधोमध संपत होता. तिथून आमच्या पायरीपर्यंत मी पावलं मोजली. एकतीस.

पाऊल मात्र त्या मातीवर एकही उमटलेलं नव्हतं. माझी पावलं सोडून.

४

रविवारी मी नत्थुजींना थांबवून तो पट्टा दाखवला. त्यांनी खराटा खाली ठेवला, उकिडवे बसले आणि दोन कमानींवरून बोट फिरवलं.

"हे मागं सरकत झाडलं," ते म्हणाले. "पाहा, ही रेघ त्या रेघेवर चढली. म्हणजे ही मागून मारली. आमी तोंड करून पुढं झाडत जातो, मंग पाय उमटतेत. हे बाई पाठीकडून चालली. आपलेच पाय पुसत."

"म्हणजे तोंड विहिरीकडे?"

"हो. अन् पाठ तुमच्या दाराकडे."

हे मला पटलं. पावलं का नाहीत त्याचं उत्तरही मिळालं, आणि मला जरा बरं वाटलं. मग नत्थुजी पट्ट्याच्या टोकाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं?"

"शेवटची रेघ मारली तवा ते इथं उभी असन ना?" त्यांनी शेवटच्या कमानीच्या अलीकडची जागा दाखवली. तिथे निंबाची वाळलेली पानं जशी पडली तशी होती. एकही चुरलेलं नव्हतं. "मंग ते गेली कोठून?"

त्या दिवसापासून नत्थुजी आमच्या बाजूची बाग झाडेनासे झाले.

माझं काम असं, की शंभर बिया भिजवायच्या आणि कोणती नीट उगवली, कोणती वाकडी आली ते लिहायचं. वाकडं आलेलं बी फेकायचं नसतं. त्याची वेगळी नोंद करायची असते. मी वही केली. सोमवारी एकोणतीस पावलं, मंगळवारी अठ्ठावीस. बुधवारी वारा सुटला आणि पट्टा पुसला गेला, तरी गुरुवारी सत्तावीस. जणू वाऱ्याचा दिवस तिनं धरलाच नव्हता.

एप्रिलअखेर मी रजा टाकली आणि पावणेएकला स्वतः त्या पट्ट्याच्या टोकाशी छत्री धरून उभी राहिले. दहा मिनिटं. तळपाय भाजले, डोळ्यांपुढे काजवे आले, पण कुठेही आवाज नाही, हालचाल नाही. मी घरात आले आणि बाबांना म्हणाले, "आज नाई आली ते."

"आली ना," बाबा म्हणाले. "तू उभी होती तिथंच झाडत होती. तुह्या पायाजवळ जराशी थांबली बी होती."

मी पुन्हा बाहेर गेले. पट्टा एक पाऊल पुढे सरकला होता. माझ्या चपलांच्या खुणांभोवती टोपलीएवढं वर्तुळ तसंच राहिलं होतं, पानांसकट. खराटा त्याला वळसा घालून गेला होता.

५

हलीमाबी सत्तरीच्या. शिवणयंत्रावर परकर शिवतात आणि मोजकं बोलतात. मी वही घेऊन वर गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"तुमच्याकडे निघाली काय?" त्या म्हणाल्या. "मले वाटलंच. तुह्या अब्बाले सांग बेटी, आवाज दाराशी आला की दार उघडू नोको म्हणा."

"कोण आहे ती?"

"मले काय माहीत? मी उघडलं नाई. आमच्या ह्यांनी उघडलं होतं."

त्यांचे पती रहमतुल्ला बाजारात अडत्याकडे कामाला होते. तेव्हा ही दोघं खाली, आमच्याच ब्लॉकमध्ये राहत. हलीमाबी बाहेर गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

"मी परत आली तं हे खुशीत. म्हणे माही अम्मा आली होती. त्यांची अम्मा तं आमच्या निकाहच्या आधीच गेली होती."

"मग? काही झालं त्यांना?"

"काही नाई. जेवले, नमाज पढले. अकरा वर्षं जगले. फक्त त्या दिवसापासून घरात आमी दोघं अन् ते तीन ताटं मांडाले लावत."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "आणि ते तिसरं ताट? तसंच राहायचं?"

हलीमाबींनी दोरा दातानं तोडला. "तसंच राहिलं असतं, तं मी खालचा ब्लॉक सोडून वर आली असती काय?"

मी खाली आले. बाबांना सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं ते घाबरतील किंवा हसतील. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुले म्हणजे खरंच नाई समजलं?" ते हळूच म्हणाले. "दोन आखूड, एक लांब. तुह्या मायचा उजवा खांदा धरला होता ना, शेवटची सात-आठ वर्षं? दोन हात मारले की तिले दम घ्या लागे, मंग तिसरा लांब ओढे. मी रोज सकाळी अंथरुणात पडून आयकत होतो. मले चुकन काय?"

मला आठवलं. आणि लगेच शंका आली, की मला ते खरोखरच आठवतंय, की बाबांनी आत्ता सांगितलं म्हणून आठवल्यासारखं वाटतंय? हलीमाबींना मी पुन्हा विचारलं, तेव्हाचा आवाज कसा होता. त्या म्हणाल्या, एकसारखा, न थांबता. त्यांच्या सासूचा हात म्हणे फार चपळ होता.

६

तेरा मेला वहीत एक पाऊल उरलं होतं. चौदाला मी घरी राहिले. दाराच्या दोन्ही कड्या लावल्या, मधला अडसर टाकला. बाबांनी सकाळी दाढी करून घेतली आणि धुतलेला सदरा मागितला. मी दिला.

पावणेएक. खर्र, खर्र, खर्रर्र. आधी मातीवर. मग एक फटकारा दगडावर बसला आणि आवाज बदलला, कोरडा झाला. पायरीवर. आमच्या पायरीवर.

बाबा उठले. हात पुढे करून दारापर्यंत आले.

"कौशल्या?"

खराटा थांबला. मग दार किंचित आत दबलं. जुनं सागवानी दार, दोन फळ्यांचं. अडसर कुरकुरला. थकलेलं माणूस टेकतं तसं कोणीतरी बाहेरून पाठ टेकली होती.

"थकली ते," बाबा म्हणाले. त्यांचे हात अडसर चाचपत होते. "इतक्या दूरून आली. बाजूले हो, आकांक्षा."

"बाबा, थांबा. मी आधी पाहते."

दोन फळ्यांच्या मधे, कडीच्या वर, करंगळी जाईल एवढी फट आहे. मी डोळा लावला.

राखाडी केसांचा सैल अंबाडा. खोचलेला पदर. निळ्या ब्लाउजची पाठ. ते ब्लाउज मी ओळखत होते, त्याला पाठीवर मीच ठिगळ लावलं होतं. बेचाळीस अंशांत झाडून आलेल्या बाईची ती पाठ पार कोरडी होती, घामाचा एक ओघळ नाही. आणि मानेवर, केसांच्या खाली, केसतोड फोडल्याचा गोल व्रण.

आईला तसाच व्रण होता. पण डावीकडे. हा उजवीकडे होता.

मी टक लावून पाहत असताना ती मान हलली. वळू लागली. मी डोळे मिटले आणि तळहात त्या फटीवर दाबून धरला.

"तेच हाय ना?" बाबा माझा खांदा हलवत होते. "सांग ना. तेच हाय ना?"

"नाई!" मी जवळजवळ ओरडलेच. "आई नाही ती, बाबा. हिच्या मानेवरचा व्रण उजवीकडे आहे. आईचा डावीकडे होता. डावीकडे!"

दारावरचा भार निघाला. खराट्याचा आवाज पुन्हा आला नाही.

बाबा तिथेच खाली बसले. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी विचारलं, "उजवीकडे होता? नक्की?"

"नक्की."

पण त्या आठवड्यात मी घरातले सगळे फोटो काढून पाहिले. लग्नातले, सत्यनारायणाचे, मोझरीच्या आश्रमात काढलेले. सगळीकडे आई समोर पाहते आहे. पाठमोरा एकही नाही. पाठमोरा फोटो कोण काढतं? लहानपणी मी तिची वेणी घालायची, ती आरशासमोर बसायची, मी मागे उभी. तो व्रण मी माझ्यासमोर पाहिला होता की आरशात? जितका विचार करावा तितका तो डावीउजवीकडे सरकत होता. बाबांना मी काहीच बोलले नाही.

७

त्यानंतर पट्टा दिसला नाही. वहीत रोज शून्य. बाबा पावणेएकला खुर्ची दाराकडे वळवून बसत, असं हलीमाबी म्हणाल्या. माझ्याशी ते नेहमीसारखे होते. फक्त एकदा म्हणाले, "मी डोळ्यानं पाहिलं असतं तं तुले मानलं असतं. तुह्यावर भरवसा हाय. पण कान माहे हायत."

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेतली वीज गेली आणि आम्हाला बाराला सोडलं. मी ऑटोतून उतरले, फाटक उघडलं. बाबा बागेतल्या बाकावर बसले होते. डोक्यावर टॉवेल, काठी मांडीवर, तोंड आमच्या दाराकडे. भर उन्हात.

मी धावत गेले. त्यांचा हात तापला होता, पण चेहरा शांत होता.

"बाबा, बाहेर काहून बसले? कोणी आणलं तुमाले इथं?"

"माहा मीच आलो. सतरा पावलं हायत. मोजत आलो."

"चला घरात. ऊन लागेल."

"थांब वं जराशी."

मी घराकडे पाहिलं. दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला. उन्हातून पाहताना आतली खोली काळी दिसत होती.

"दार उघडं टाकून आले?"

"मंग?" बाबा म्हणाले. "किती दिवस उन्हात झाडीन ते? आत सावली तरी हाय."

तेव्हा मला तो आवाज आला. बागेतून नाही. बागेत एक पान हलत नव्हतं. तो आमच्या घरातून येत होता, शहाबादी फरशीवरून. दोन आखूड, एक लांब.

मी केशवरावांकडे जाऊ शकले असते. हलीमाबींना हाक मारू शकले असते. बाबांचा हात धरून फाटकाबाहेर, थेट अमरावतीच्या बसमध्ये बसू शकले असते. हे सगळं मला सुचलं, अगदी स्पष्ट सुचलं. पण पाय दाराकडे निघाले. मी पायरीवर चपला काढल्या आणि आत गेले.

बाहेरची खोली झाडून झाली होती. फरशी ओली असल्यासारखी चमकत होती. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. मी चौकटीला धरून उभी राहिले.

ती ओट्याजवळ वाकली होती, पाठमोरी. मागे सरकत, एकेक पाऊल माझ्याकडे. निळं ब्लाउज, त्यावर मी लावलेलं ठिगळ. आज पाठीवर घामाची ओल होती. मी आधी मान पाहिली.

व्रण डावीकडे होता.

खराटा थांबला. ती सरळ झाली, उजवा खांदा दाबत, आणि मान वळू लागली. बाहेर बाकावरून बाबांचा आवाज आला, बसस्थानकावर असायचा तसा मोठा, मोकळा.

"आकांक्षा, विचार तिले, जेवली काय?"